नाण्यावरचा देव नेमका कोणाचा?

ऑक्टोबर 2022 मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी एक मागणी केली होती, आठवतंय का बघा. नोटांवर गांधीजींच्या जोडीला लक्ष्मी आणि गणपतीचं चित्र छापा, म्हणजे देशाच्या अर्थव्यवस्थेला आशीर्वाद मिळेल. काही दिवस वाहिन्यांवर धुरळा उडाला, मग नेहमीप्रमाणे खाली बसला.

त्या सगळ्या गदारोळात कोणी एक साधा प्रश्न विचारला नाही. पैशावर देव छापला की पुढे काय होतं? याला अंदाज बांधायची गरज नाही. रोमच्या साम्राज्याने हा प्रयोग शेकडो वर्षं केला, तोही सोन्यात, आणि त्याचे पुरावे जगभरच्या संग्रहालयांत पडून आहेत. मला जुन्या नाण्यांचं वेड आहे हे तुम्हाला माहीत आहेच. आज त्या रोमन सोन्याबद्दल लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात टाकसाळीपासून. रोममधली जुनी टाकसाळ कॅपिटोलाइन टेकडीवर जूनो मोनेटा या देवीच्या मंदिरालगत होती. त्या ‘मोनेटा’ वरूनच इंग्रजीतले ‘मनी’ आणि ‘मिंट’ हे दोन्ही शब्द आले. सरकारी खजिना होता सॅटर्न देवाच्या मंदिरात. म्हणजे पैसा आणि देव यांची गाठ तिथे पहिल्यापासूनच होती. पण बराच काळ रोमचं मुख्य चलन चांदीचं आणि तांब्याचं. सोन्याची नाणी निघायची ती अडीअडचणीला, युद्धाच्या वगैरे वेळी.

हे बदललं ज्युलियस सीझरने. इसवी सनापूर्वी 46 मध्ये त्याने सोन्याची नाणी प्रचंड प्रमाणात पाडली. या नाण्याला ‘ऑरियस’ म्हणत. एका रोमन पौंडात, म्हणजे सुमारे 325 ग्रॅम सोन्यात, 40 नाणी. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतलेल्या स्त्रीचं मुख, दुसऱ्या बाजूला तीन वस्तू: शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वळणदार काठी, झारी आणि बळी देण्याची कुऱ्हाड. पूजेचं साहित्यच म्हणा ना.

यात सीझर कुठे आहे? आहे, बरोबर आहे. तो इसवी सनापूर्वी 63 पासून रोमचा मुख्य पुरोहित, ‘पाँटिफेक्स मॅक्सिमस’ होता. ती काठी, झारी, कुऱ्हाड धर्माची दिसते, पण ती त्याच्या पदाची निशाणी आहे. आणि ही नाणी प्रामुख्याने गेली कोणाच्या हातात? त्याच्या सैनिकांच्या. यादवी युद्ध जिंकून तो परतला होता आणि सैनिकांना बक्षिसी वाटायची होती. स्वतःचा चेहरा नाण्यावर यायला अजून दोन वर्षं होती. तो चांदीच्या नाण्यांवर आला इसवी सनापूर्वी 44 मध्ये, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचा खून झाला.

पुढे त्याचा दत्तक मुलगा ऑगस्टस सत्तेवर आला. सीझरला सिनेटने देव म्हणून जाहीर केलं होतं, त्यामुळे ऑगस्टस नाण्यांवर स्वतःला काय म्हणवतो? ‘देवाचा पुत्र’. बाप देव झाला की मुलाला वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही. त्याच्या काळच्या एका अतिशय प्रचलित छापावर गायस आणि लुसियस हे त्याचे दोन नातू उभे आहेत. त्याने त्यांना दत्तक घेऊन वारस ठरवलं होतं. दोघांजवळ ढाल आणि भाला, आणि वर हवेत पुन्हा तीच वळणदार काठी आणि सोबत एक पळी. हो, आपल्या पळी-पंचपात्रातल्या पळीसारखीच, देवाला द्राक्षासव वाहण्याची. अर्थ सरळ आहे: ही पोरं देवाधर्माची माणसं आहेत, उद्या राज्य यांचं.

नियती बघा. दोन्ही नातू तरुणपणीच वारले, इसवी सन 2 आणि 4 मध्ये. पण त्यांचा छाप असलेली नाणी फिरत राहिली आणि समुद्र ओलांडून आपल्याकडे पोचली. भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांत हा छाप भरपूर आढळतो. त्याच्याच जोडीचा दुसरा छाप टायबेरियस बादशहाचा. एका बाजूला तो स्वतः, ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ अशा मजकुरासह. दुसऱ्या बाजूला राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री आणि मुख्य पुरोहिताची पदवी. बायबलमध्ये कर भरावा की नाही या प्रश्नावर येशू नाणं मागवून घेतो आणि यावर कोणाचं चित्र आहे असं विचारतो. ते नाणं म्हणजे याच छापाचं चांदीचं नाणं, असं परंपरेने मानलं जातं.

आता हे सोनं आपल्याकडे का आलं? मिरी, मोती, मलमल, रत्नं यांच्या बदल्यात. प्लिनीने पहिल्या शतकात तक्रार करून ठेवली आहे की भारत दरवर्षी साम्राज्याकडून 5 कोटी सेस्टर्सेस ओढून घेतो. आकडा किती नेमका हा वेगळा विषय, पण कळ खरी होती. त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात, ज्याला आपण ‘पेरिप्लस’ म्हणतो, भडोच बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी आणली तर स्थानिक चलनाच्या बदल्यात नफा होतो असं स्पष्ट लिहिलंय. आणि त्याच भडोचला माल येत होता कुठून? इतर ठिकाणांबरोबर पैठणहून आणि तगरहून, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, गाड्यांवर लादून.

मग भारतातल्या माणसाने त्या ‘देवपुत्र’ बादशहाचं काय केलं? 1898 मध्ये तमिळनाडूच्या पुदुकोट्टई भागात 501 रोमन सोन्याची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर बादशहाच्या डोक्यावर छिन्नीचा आडवा घाव घातलेला आहे. सोनं काढून घेतलेलं नाही, फक्त चेहरा कापलाय. हे नाणं आता नाणं म्हणून चालणार नाही, केवळ सोनं म्हणून तोलायचं, अशी ती खूण असावी असं अभ्यासक मानतात. रोममध्ये ज्या चेहऱ्यापुढे धूप जाळत, तो चेहरा इथे एका घावात रद्द. सोन्याची किंमत मात्र गुंजभरही कमी झाली नाही.

परत रोमला जाऊ. नाण्यावर देव कोणता हे तिथे कसं ठरायचं, याचं सगळ्यात उघडंवाघडं उदाहरण म्हणजे एलागाबालस. सन 218 मध्ये जेमतेम चौदा वर्षांचा हा पोरगा बादशहा झाला. तो सीरियातल्या एमेसा, म्हणजे आजच्या होम्स शहरातल्या सूर्यदेवतेचा वंशपरंपरागत पुजारी. त्या देवाची मूर्ती नव्हती, एक काळी शंकूच्या आकाराची शिळा होती. पोराने ती शिळाच रोमला आणली, मंदिर बांधलं आणि तिला ज्युपिटरच्याही वर बसवलं. त्याच्या सोन्याच्या नाण्यावर ती शिळा चार घोड्यांच्या रथात आहे, पुढे गरुड आणि भोवती छत्र्या. बघताना आपल्याकडचा रथोत्सव आठवतो.

चार वर्षांत त्याच्याच अंगरक्षकांनी त्याला मारलं. शिळा परत एमेसाला रवाना. नाण्यांवर पुन्हा ज्युपिटर, मार्स आणि मंडळी रुजू. देवाची मुदत बादशहाच्या मुदतीएवढीच होती.

यानंतर पन्नास वर्षं साम्राज्याची वाताहत झाली. ती सावरली डायोक्लिशियनने. त्याने सत्ता वाटून घेतली आणि देवही वाटून घेतले. तो स्वतः ज्युपिटरचा, त्याचा सहबादशहा मॅक्सिमियन हर्क्युलिसचा. सोन्याच्या नाण्यांवर हीच जोडी. आणि 303 मध्ये याच डायोक्लिशियनने ख्रिश्चनांवर सगळ्यात मोठा वरवंटा फिरवला: चर्च पाडली, ग्रंथ जाळले, देवांना आहुती न देणाऱ्यांना शिक्षा. नाण्यावरचा देव तेव्हा शोभेचा नव्हता. तो मानतोस की नाही, हा जिवाचा प्रश्न होता.

दहा वर्षांत चित्र फिरलं. 312 मध्ये कॉन्स्टंटाइनने रोम जिंकलं आणि ख्रिश्चनांना मोकळीक दिली. शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो की तो ख्रिश्चन झाला आणि साम्राज्य बदललं. नाणी वेगळं सांगतात. 313 सालचं त्याचं सुमारे 40 ग्रॅमचं सोन्याचं पदक पॅरिसमध्ये आहे. त्यावर कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून सूर्यदेव, ‘अजिंक्य सूर्य’. दोघांची चेहरेपट्टी जुळ्या भावांसारखी. बादशहाच्या ढालीवरही सूर्याचाच रथ. ही ख्रिश्चनांना मोकळीक दिल्यानंतरची गोष्ट. सूर्य त्याच्या नाण्यांवरून पूर्ण जायला 325 पर्यंतचा काळ गेला. 321 मध्ये त्याने आठवड्याची सुट्टी जाहीर केली तीसुद्धा ‘सूर्याच्या पूज्य दिवशी’, म्हणजे रविवारी. आणि मुख्य पुरोहिताचं जुनं पद त्याने मरेपर्यंत सोडलं नाही.

मला सगळ्यात आवडतं ते त्याचं आणखी एक सोन्याचं नाणं. त्यावर बादशहा वर आकाशाकडे बघतोय. त्याचा चरित्रकार बिशप युसेबियस म्हणतो, बघा, बादशहा देवाची प्रार्थना करतोय. पण वर बघणारा राजा ही चित्रपद्धत अलेक्झांडरच्या काळापासूनची. ख्रिश्चन सैनिकाला त्यात भक्त दिसला, जुन्या देवांना मानणाऱ्याला त्यात अलेक्झांडर दिसला. एकाच छापात दोघांचं समाधान. आजच्या कुठल्याही प्रचारप्रमुखाने हात जोडावेत असं काम आहे.

आता जरा खिशाकडे बघू, कारण देवाच्या गडबडीत खिसा नेहमी राहून जातो.

कॉन्स्टंटाइनने नवं नाणं आणलं, ‘सॉलिडस’. एका पौंडात 72, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. हे नाणं इतकं पक्कं निघालं की अकराव्या शतकापर्यंत, जवळपास 700 वर्षं, त्याची शुद्धता टिकली. पण एवढं सोनं आणलं कुठून? जुन्या मंदिरांतून. बिशप युसेबियस अभिमानाने सांगतो की मूर्तींवरचं सोनं खरवडून काढलं. त्याच शतकातला एक निनावी लेखकही मंदिरांतलं सोनं नाण्यांत ओतलं गेल्याचं लिहितो. पण तो अभिमान दाखवत नाही, तो परिणाम सांगतो: या सोन्याने बड्यांची घरं भरली आणि गरीब जास्त भरडले गेले.

कसे भरडले गेले? सोनं मिळायचं सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना. नवा बादशहा गादीवर आला की प्रत्येक सैनिकाला 5 सॉलिडस आणि एक पौंड चांदी मिळायची. बाजारातल्या भाजीवाल्याच्या, कारागिराच्या हातात असायचं तांब्याचं नाणं, आणि त्याची किंमत सोन्याच्या तुलनेत सतत घसरत होती. वर कारागीर-व्यापाऱ्यांवर कर बसवला तो सोन्या-चांदीत भरायचा. म्हणजे कमवायचं तांब्यात, भरायचं सोन्यात. हा कर 498 मध्ये रद्द झाला तेव्हा एडेसा शहरात लोकांनी दिवे लावून उत्सव केला म्हणतात. नाण्यावर ज्युपिटर आहे की क्रूस, याने त्या कारागिराच्या घरातली चूल पेटत नव्हती.

आणि ज्यांचे देव गेले त्यांचं काय? इथे एका देवीची गोष्ट सांगतो. तिचं नाव व्हिक्टोरिया. आपल्याला राणी आठवते, पण ही मूळची रोमन विजयदेवी, पंख असलेली. ऑगस्टसने इसवी सनापूर्वी 29 मध्ये सिनेटच्या सभागृहात तिची मूर्ती आणि वेदी बसवली. सभासद आत आले की तिथे धूप वाहायचे आणि मग कामकाज सुरू. साडेतीनशेहून जास्त वर्षं हे चाललं. 357 मध्ये ख्रिश्चन बादशहाने वेदी काढली, मग ती परत आली, मग 382 मध्ये ग्रेशियनने पुन्हा काढली आणि मंदिरांचे सरकारी अनुदानही तोडले.

384 मध्ये रोमचा नगरप्रमुख सिमॅकस याने बालबादशहा दुसऱ्या व्हॅलेंटिनियनला अर्ज लिहिला: वेदी परत द्या. त्याचं म्हणणं सौम्य होतं. आकाश सगळ्यांवर एकच आहे, सत्य एवढं मोठं आहे की त्याच्याकडे जायला एकच वाट कशी पुरेल. मिलानचा बिशप अँब्रोज आडवा आला. त्याने बादशहाला बजावलं की परवानगी दिलीस तर चर्चमध्ये तुझ्यासाठी जागा नाही. अर्ज फेटाळला गेला. 391-392 मध्ये थिओडोसियसने आहुती आणि मंदिरपूजा यांवर कायद्याने बंदी आणली.

आता याच व्हॅलेंटिनियनचं, याच थिओडोसियसचं सोन्याचं नाणं उलटून बघा. दोन बादशहा शेजारी शेजारी सिंहासनावर बसलेत, आणि दोघांच्या मागे, दोघांवर पंख पसरून कोण उभी आहे? व्हिक्टोरिया! तीच, जिची वेदी सभागृहातून उचलून नेली.

म्हणजे देवी चालत होती, फक्त तिला धूप वाहणारी माणसं नको होती. तिच्या पंखांखाली बादशहा बसले की ती साम्राज्याचं वैभव. सिमॅकस तिच्यापुढे उभा राहिला की अंधश्रद्धा. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे. सत्तेने प्रतीक ठेवून घेतलं आणि भक्ताला बाहेर काढलं.

पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी, पहिल्या जस्टिनच्या काळात, त्या देवीचा पोशाख बदलून तिला पुरुष देवदूत केलं. पंख तेच, हातात क्रूस. 578 नंतर दुसऱ्या टायबेरियसने तोही काढून पायऱ्यांवर उभा क्रूस आणला. आणि 692 च्या आसपास दुसऱ्या जस्टिनियनने जे कोणी केलं नव्हतं ते केलं: नाण्याच्या दर्शनी बाजूला थेट ख्रिस्ताचं मुख छापलं आणि स्वतः मागच्या बाजूला गेला, ‘ख्रिस्ताचा सेवक’ म्हणून. केवढी नम्रता! पण त्याच्या करवसुलीला आणि जुलमाला लोक एवढे विटले होते की 695 मध्ये त्यांनी त्याला गादीवरून ओढलं आणि त्याचं नाक कापलं. पुढच्या बादशहाने ख्रिस्ताचं मुख नाण्यावरून काढून टाकलं. पुढे तो कापल्या नाकाने परत सत्तेवर आला आणि त्याने ख्रिस्त पुन्हा आणला, या वेळी वेगळ्या चेहऱ्याचा. 711 मध्ये मात्र त्याला ठारच केलं.

त्याच सुमारास शेजारी दमास्कसला खलिफा अब्द अल-मलिकही या सोन्याच्या नाण्याशी झगडत होता. आधी त्याच्या राज्यात रोमन नाण्याची नक्कल चालायची, फक्त पायऱ्यांवरच्या क्रूसाचा आडवा दांडा काढून नुसता खांब ठेवलेला. मग 696-97 मध्ये त्याने चित्रच रद्द केलं आणि फक्त अक्षरं असलेला दिनार काढला. ‘दिनार’ हा शब्द मात्र रोमन ‘डेनारियस’ वरून आलेला, तो तसाच राहिला. आपल्याकडे गुप्तकाळच्या लेखांतही ‘दीनार’ आहे. देव बदलले, लिपी बदलली, हिशेबाचा शब्द टिकला.

आणि आपण? दक्षिण भारतात सापडलेल्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या अनेक सॉलिडसना बादशहाच्या डोक्यावर दोन भोकं पाडलेली आहेत. दोऱ्यात ओवून गळ्यात घालायला. आधी छिन्नीचा घाव, नंतर दागिन्याचं भोक. ही सवय पुढेही गेली. व्हेनिसने 1284 मध्ये डुकाट काढला तो याच पूर्वेकडच्या रोमन नाण्याच्या वळणाचा: एका बाजूला ताऱ्यांमध्ये उभा ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला संत मार्ककडून गुडघे टेकून ध्वज घेणारा तिथला शासक. हे नाणं व्यापारातून आपल्याकडे आलं. त्यावरच्या उभ्या आकृत्या बघून आपल्या लोकांनी त्याला नाव दिलं ‘पुतळी’. शिवकालीन खजिन्याच्या यादीत होनाबरोबर पुतळ्या आहेत. आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या पुतळ्यांच्या माळेचं मूळही तेच. पुढे सोनारांनी स्वतःचे छाप केले आणि त्यावर लक्ष्मी वगैरे आल्या. ख्रिस्त गळ्यात घालून आपल्या बायकांनी हळदीकुंकू केलं आणि कोणाचा धर्म बुडाला नाही, कारण तिथे छाप कोणाचा हे विचारणारा बादशहा नव्हता.

म्हणून नोटेवर देव छापा अशी मागणी पुन्हा कधी आली, आणि येणारच, तर देव कोणता यावर मी भांडणार नाही. मी तीन गोष्टी विचारीन. मागणी करणाऱ्याचा स्वतःचा चेहरा त्या देवाच्या किती जवळ उभा आहे? ती नोट ज्याच्या हातात महिनाअखेरीला उरतच नाही, त्याच्यासाठी त्याच वेळी काय केलं जातंय? आणि त्या चित्राच्या आडून कोणाला सभागृहाबाहेर काढलं जातंय? रोमन सोन्याने या तिन्हींची उत्तरं देऊन ठेवली आहेत.

घरात जुनी पुतळी असेल तर आज भिंगाखाली धरून बघा. अंडाकृती चौकटीत तारे आणि मधे उभा माणूस दिसला तर कमेंटमध्ये फोटो जरूर टाका. पत्ता तेवढा टाकू नका.